तांबडा कोबा

मुलांनो, जिथे बसला आहात तिथेच जरा डोळे मिटा. आता मनातल्या मनात उठा आणि आपल्याच घरात पाणी प्यायला निघा. हात कशाला लागला? दाराच्या चौकटीला? पायाला काय लागलं? उंबरा लागला का? पोहोचलात ना पाण्यापर्यंत? बहुतेक जण पोहोचला असाल.

आता पुन्हा निघा. पण या वेळी असं समजा, की मघाशी डोळे मिटलेले असताना कोणीतरी घरातली एक भिंत उचलून नेली आहे. तुम्ही हात पुढे करता आणि हाताला काहीच लागत नाही. आणखी एक पाऊल टाकता, तरी काही लागत नाही.

पुरे. डोळे उघडा.

मी जिची गोष्ट सांगणार आहे, त्या बाईला ते उघडता येत नव्हते. तिचं नाव तुळजाबाई. पोलादपूरच्या वर, दोन तासांच्या चढावर एक लहानशी वाडी आहे, तिथे ती आपल्या भावाच्या घरी राहायची. सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. लग्न झालं नाही. भावाचा, म्हणजे सहदेवचा, संसार तोच तिचा संसार. सहदेव मुंबईला, त्याची बायको चंद्राबाई शेतावर, म्हणून घरातलं सारं तुळजाबाईकडे. सहदेवची एकुलती एक मुलगी मैना. तिला न्हाऊ-माखू घालून आत्यानेच वाढवलं.

घर कसं होतं तेही सांगतो. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागच्या दाराबाहेर पडवी. पडवीत पाण्याचा रांजण. आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या. जमीन शेणाने सारवलेली. या घरात तुळजाबाई काठीशिवाय फिरायची. चुलीवरची पेज उतरवायची, रांजणातून पाणी आणायची, ओटीवर आलेल्या माणसाला तांब्या नेऊन द्यायची. नवखा माणूस घटकाभर बसून गेला तरी त्याला कळायचं नाही की हिला दिसत नाही. घरात एकच नियम होता, की जमिनीवर काही ठेवायचं नाही. मैना एकदा वाटेत टोपली विसरली होती. त्या दिवशी आईने तिला जेवताना एक शब्द बोलू दिला नव्हता.

सहदेव मुंबईत मलबार हिलला एका साहेबाच्या बंगल्यात घरगडी होता. एकोणीसशे बासष्टच्या शिमग्याला तो महिनाभराची सुट्टी काढून आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली एक घडी न घातलेलं पान होतं. साहेबांनी टाकून दिलेल्या मासिकातलं रंगीत पान. त्यावर एका खोलीचं चित्र. मोठीच्या मोठी खोली, मध्ये भिंत नाही. खाली तांबडी, चकचकीत जमीन. तिरक्या पायांचं एक टेबल, ठेंगण्या खुर्च्या, एक भिंत पिवळी आणि बाकीच्या पांढऱ्या.

"ह्येला हॉल म्हणतात," सहदेव म्हणाला. "आता सगळीकडं ह्येच चाललंय. मोकळं ठेवायचं. उजेड आला पायजे, हवा आली पायजे."

"उजेड मला काय करायचा रं?" तुळजाबाई हसून म्हणाली. तिने पानावरून बोटं फिरवली. "कागद लागतोय हाताला. गुळगुळीत हाय."

"तशीच जमीन व्हनार आक्का. अगदी तशीच." सहदेव तिच्यासमोर उकिडवा बसला. "चौदा वर्सं झाली. रोज सकाळी गुडघ्यावर बसून मेण लावून पुसतो मी ती जमीन. माझं तोंड दिसंपतूर पुसतो. आन् मग तिच्यावरनं चालतंय कोण, तर साहेबाचा कुत्रा. मी कडंकडंनं जायाचं. एकदा तरी आपल्या घरात, आपल्या जमिनीवर मधोमध पाय टाकून चालायचंय मला. तुलाबी आठवड्याला शेण कालवायला नको. हात खराब झालंत तुझं."

तुळजाबाईने ते पान चाचपत त्याच्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "कर रं बाबा. तुझ्या जिवाला बरं वाटंल तसं कर."

हे लक्षात ठेवा, मुलांनो. तिने हो म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं.

सिमेंटच्या गोण्या महाडहून ट्रकने पोलादपूरला आल्या आणि तिथून अर्ध्या-अर्ध्या करून डोक्यावरून वाडीत चढल्या. महाडचा भिकू गवंडी आला. ओटी आणि माजघर यांच्यामधला कूड त्याने दोन दिवसांत उतरवला. जमीन खणली, धुम्मसाने चोपली, त्यावर सिमेंट घातलं आणि वरून तांबडा रंग मिसळून थापीने इतकी घोटली, इतकी घोटली, की वाडीतली माणसं कामधाम सोडून दारात उभी राहू लागली. सिमेंटचा हा कोबा पक्का व्हायला त्यावर पाणी धरून ठेवावं लागतं. सात दिवस सारं घर पडवीत राहिलं, आणि जमिनीवर ओतायचं पाणी रांजणातून कोण आणून देत होतं? तुळजाबाई. हंड्यामागून हंडा.

आठव्या दिवशी नारळ फोडला. एक भिंत पिवडीने रंगवली होती. पोलादपूरच्या सुताराने चित्र बघून टेबल केलं होतं.

"ह्ये टेबल दारू पिऊन आलंय का रं?" शेजारची येसूबाई म्हणाली. "पाय फाकवून उभं हाय ते."

"काकी, तशीच फॅशन हाय," सहदेव म्हणाला. "पाय पुसून या. त्या पोत्यावर."

"पुसते बाबा. मेल्यावर तरी पाय न पुसता न्या मला." येसूबाईने आत पाऊल टाकलं आणि खाली बघून थबकली. "अगो चंद्रे, ह्येच्यात तर माजं नाक दिसतंय! आता कुकू लावाया वाकलं की झालं."

"वाकशील गो, पण उठवायचं कोनी तुला?" चंद्राबाई म्हणाली, आणि सगळे हसले. सहदेव सगळ्यांत जास्त हसला. मग तो खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी मधोमध, सावकाश चालत गेला. त्याचा चेहरा बघून येसूबाईसुद्धा गप्प झाली.

"आक्का, तू ये ना."

तुळजाबाई आत आली. तीन पावलं चालली आणि उभी राहिली. "थंड हाय रं," ती म्हणाली. "लई छान हाय." आणि तिथेच उभी राहिली. बाकीच्यांना वाटलं, जमिनीचा गारवा घेते आहे. मैनेने मात्र पाहिलं की आत्याची बोटं हवेत काहीतरी शोधत आहेत. जिथे कूड होता तिथे.

पुढच्या चार दिवसांत तुळजाबाई दोनदा टेबलावर आपटली. एकदा स्वयंपाकघरात जायचं म्हणून निघाली आणि पिवळ्या भिंतीला तोंड लावून उभी राहिली. प्रत्येक वेळी स्वतःच हसली. "म्हातारी झाले गो मी," असं म्हणायची. पंचेचाळीसचीही नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी सहदेवसाठी पेजेचं भांडं घेऊन निघाली. सहदेव खुर्चीवर बसला होता. तो "आक्का, हिकडं" म्हणेपर्यंत ती त्याच्या बाजूने पुढे गेली, ओटीच्या कडेवरून पाय सुटला आणि ती जोत्यावरून खाली अंगणात पडली. गरम पेज छातीवर सांडली. डावं मनगट मोडलं.

शेजारच्या वाडीच्या हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधल्या. तुळजाबाई ओरडली नाही. पण त्या दिवसापासून ती घरात आली नाही. पडवीत, रांजणाशेजारी पोतं टाकून बसायची. जेवण तिथे, झोप तिथे. कोणी बोलावलं तर म्हणायची, "हितं बरी हाय मी."

सहदेवची सुट्टी संपत आली होती. सिमेंटच्या दोन गोण्या उरल्या होत्या, पावसाळ्यात त्यांचा दगड झाला असता. म्हणून स्वयंपाकघराची जमीनही करून घ्यायची असं त्याने ठरवलं आणि भिकूकडून ती खणून, चोपून घेतली. आणखी एक गोष्ट ठरवली. ती त्याने चंद्राबाईला सांगितली, पण मैनेने ऐकली.

"आक्काला काई दिवस वरंधला ठेवूया. मामांच्या घरी. तिकडं माणसं हायत, हाताला धरून नेतील-आणतील."

"वन्सं काय म्हनाल्या?"

"हो म्हनाली."

चंद्राबाई परातीतलं पीठ मळत राहिली. "त्या तुमाला नाय कवा म्हनाल्यात?" एवढंच ती बोलली.

मैना उठून पडवीत गेली. ती दहा वर्षांची होती. आत्या नाही असं घर तिने कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तिला ते बघायचंही नव्हतं.

"आत्ये, तू वरंधला जानार?"

"जाईन की. तिकडं काय वाघ हाय?"

"तुला जायाचंय?"

तुळजाबाईने मनगटावरच्या कांबी सारख्या केल्या.

"आत्ये, आधी तू चालायचीस. आता का येत नाय तुला चालाया?"

"तेच तर बघतेय मी हितं बसून." तुळजाबाईने उजव्या हाताने पडवीची सारवलेली जमीन चाचपली. "हिकडं हात दे. ह्ये बघ. तुजी आय सारवते ना, ती पल्याडच्या भिंतीपासनं सुरू करते आन् मागं मागं सरत दाराकडं येते. सगळ्याच करतात तशा. हाताच्या चंद्रावानी कोरी उठतात, लागल्या का? पोकळ बाजू दाराकडं. सगळ्या कोरी दाराकडं तोंड करून. पायाला कळतं ते."

मैनेने बोटं फिरवली. ती स्वतः कितीदा सारवायला बसली होती. तिला हे कधी कळलं नव्हतं.

"आन् चुलीपासनं मागच्या दारापतूर जमीन जराशी खोल गेलेली. माजी आय, माजी आजी, सगळ्या तिथनंच गेल्या पान्याला. पन्नळीत पानी जावं तसा पाय जायचा माजा. चुलीजवळ राख मिसळलेली, ती मऊ. उंबऱ्याजवळ गार. आता सगळीकडं सारखंच. कुठंबी पाय ठेव, सारखंच. मी कुठं हाय तेच सांगत नाय ती जमीन."

"मग बाला का नाय सांगितलंस? आधी का नाय सांगितलंस?"

"मला तरी कुठं ठावं व्हतं गो?" तुळजाबाई म्हणाली. "पायाला ठावं व्हतं. मला वाटायचं, मीच हुशार."

मैना तडक बापाकडे गेली आणि सगळं सांगितलं. कोरी, खोलगट वाट, राख. शेवटी म्हणाली, "सैपाकघर तरी राहू दे बा."

सहदेव ऐकत असताना हळूहळू त्याची मान खाली गेली. मग एकदम तो चिडला. "राहू दे म्हंजी? काल भिकूने खणून चोपून ठेवलंय ते. कुठली वाट आन् कुठली राख! गेलं ते. आता मी काय करू, सांग. कोबा फोडू? हात जोडून सगळ्या गावाला सांगू, की सहदेवनं बहिणीला आंधळी केली?"

तो बाहेर निघून गेला. मैनेला कळलं, की तो तिच्यावर चिडलेला नाही. पण तेवढ्याने आत्याचं वरंधला जाणं काही टळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकूने स्वयंपाकघरात सिमेंट घातलं. चुलीचा ओटा एका कोपऱ्यात, मागचं दार समोरच्या कोपऱ्यात. बाकी सारी जमीन ओली, तांबडी. उन्हं अंगणात आली तोवर त्याने घोटून संपवली. मग त्याने पिशवीतून सुताची दोरी काढली.

"ती कशाला?" मैना मागच्या दारातून म्हणाली.

"हितं पानी सांडनार. गुळगुळीत ठेवली तर तुजी आय घसरंल." भिकूने दोरीची दोन्ही टोकं ताणून उंबऱ्याच्या कडेला जमिनीवर टेकवली आणि थापीने वरून ठोकली. उचलली, तर बारीक, सरळ चर उठला होता. "अशा आडव्या-उभ्या मारायच्या. लाद्यांसारखे चौकोन दिसत्यात. मुंबईत करत्यात तसे."

मैनेने डोळे मिटले. उंबऱ्यावर बसून एक पाय पुढे केला आणि अंगठा जमिनीच्या कडेला टेकवला.

"अगो, ओली हाय! खळगा पडंल!"

"भिकूबाबा, लागते." मैनेचे डोळे मिटलेलेच होते. "पायाला लागते रेघ."

"लागनारच. त्याला काय झालं?"

"वाकडी मारता येते का? त्या चुलीपासनं ह्या दारापतूर?"

भिकूने दोरी गुंडाळली. "दोरी मी लावीन तिकडं जाते गो. पन चौकोनातनं तिरकी रेघ बरी दिसनार नाय. तुज्या बापाला इचार."

सहदेव मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पडवीतून तुळजाबाईचा आवाज आला. तिनेही ऐकलं होतं.

"चौकोन असतील तर नको रं भिकू," ती म्हणाली. "चार रेघा लागल्या तर माजा घोळ व्हईल. मारायची तर एकच मार. नायतर राहू दे. सहदेवाला शोभा पायजे, त्याच्या मनासारखं व्हऊ दे."

"एकच रेघ?" भिकू हसला. "तिरकी? अख्ख्या कोब्यात एकच? लोक म्हनतील, गवंड्यानं भांग घेतली व्हती."

कोणी हसलं नाही. भिकूने वर पाहिलं. "काय ते लौकर सांगा. दुपारपतूर घट्ट व्हईल. मग थापी चालायची नाय."

स्वयंपाकघरात फक्त ओल्या सिमेंटचा वास होता. सहदेव त्या तांबड्या, चकचकीत जमिनीकडे बघत होता. तिच्यावर अजून कोणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं. मैनेला वाटलं, आता बा नाही म्हणेल. मग तो वळला आणि बाहेरून वळसा घालून घरात गेला. माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर माळ्यावरची लांब फळी होती. त्याने तिचं एक टोक मागच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि दुसरं जपून, जमिनीला न लागू देता, चुलीच्या ओट्यावर टेकवलं.

मग तो बहिणीशेजारी पोत्यावर बसला. "आक्का," तो म्हणाला, "उंबऱ्याच्या कुठल्या अंगाला पाय ठेवायचीस तू? उजव्या की डाव्या?"

तुळजाबाईचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. "उजव्या," ती म्हणाली.

सहदेवने तिला धरून उठवलं, दाराशी आणलं, आणि उंबऱ्याच्या उजव्या अंगाला बसवलं.

मैनेने भिकूच्या हातातून दोरी घेतली. एक टोक आत्याच्या चांगल्या हातात दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटली. दुसरं टोक आपल्या मुठीत धरून ती फळीवर चढली. फळी हलली. खाली ओली जमीन तिला तिचंच तोंड दाखवत होती. ती तिकडे न बघता, एकेक पाऊल टाकत, चुलीपर्यंत गेली, ओट्यावर गुडघे टेकून बसली, दोरीचा एक वेढा मनगटाला दिला, आणि ताणली.